नाटकाचा इतिहास आणि समीक्षा शिकायला खासगी कॉलेजात जावं का? (पुणे)

निळा पडदा:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय नाटकाचा इतिहास आणि समीक्षा. अभिनय नाही, दिग्दर्शन नाही, प्रकाशयोजना नाही. लग्नकार्यात काकू-मावश्या विचारतात, "मग टीव्हीवर कधी दिसणार?" आणि नाही म्हटलं की विषय बदलतात. त्याची आता सवय झाली. पण गेल्या आठवड्यात साताऱ्याहून मावशीचा फोन आला. माझा मावसभाऊ बी.कॉम. झालाय, त्याला हेच शिकायचंय. मावशी म्हणाली, "तू सांगशील तेच मी तुझ्या काकांना सांगते." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आमच्या वर्गात आम्ही सहा जण आहोत. पुढच्या वर्षी दहाच्या खाली प्रवेश झाले तर तुकडी चालणार नाही, असं ऑफिसात तोंडी सांगितलंय. फी भरपूर आहे. माझ्या पहिल्या वर्षासाठी बाबांनी मुदत ठेव मोडली होती.

तरी मला हा विषय सोडवत नाही. का, ते सांगते.

पहिल्या सत्रात बाईंनी एक काम दिलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री तिथे काय घडलं ते दोन पानांत लिहा, पण पुरावा हातात असेल तेवढंच. मला वाटलं, सोपं आहे. चार अंक झाले, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत होते, बाळकोबा नाटेकर कण्व होते, इथपर्यंत आले. पुढे? उजेड कसला होता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला पदं ऐकू येत होती का, लोक कुठे हसले, कुठे गप्प झाले, घरी जाताना काय बोलत गेले? माझी दोन पानं भरली नाहीत. सव्वा पान झालं आणि मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, "हा तुझा पहिला धडा. नाटक लिहिलेलं उरतं, झालेलं उरत नाही."

मग त्यांनी 'कीचकवध' घेतलं. खाडिलकरांचं हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं आणि १९१० साली सरकारनं त्यावर बंदी घातली. शाळेपासून आपण ऐकतो की कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन. पण प्रेक्षागृहात ते कसं पोचत होतं, हे मला कुठे सापडलं असेल? लंडनच्या 'टाइम्स'मध्ये. १९१० साली तिथे या नाटकावर लेख आला होता. लिहिणारा साहेब, सरकारच्या बाजूचा, नाटकावर चिडलेला. तो म्हणतो की कर्झनचं नाव नाटकात कुठेही नाही, पण द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे तो प्रेक्षकांकडे वळतो. कीचकाचे अत्याचार बघताना ताठलेले, आठ्या पडलेले पुरुषांचे चेहरे आणि द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे पाणावलेले डोळे त्याने टिपलेत. नाटकाचा शत्रू होता तो, पण त्याच्यामुळे शंभरावर वर्षांनी मी त्या लोकांचे चेहरे पाहू शकले.

मग कळलं की ही नजर आपल्याकडे फार जुनी आहे. नाट्यशास्त्राचा २७वा अध्याय प्रयोग सिद्धीला गेला हे कशावरून ओळखायचं, यावर आहे. त्यात प्रेक्षकांच्या प्रतिसादाची यादीच आहे. स्मित, अर्धं हसू, मोठ्यानं हसणं, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, अंगावरचं वस्त्र काढून नटाला देणं. आणि निवाडा करायला दहा प्रकारचे प्राश्निक: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक. राजा आणि गणिका एकाच यादीत! वेषभूषेबद्दल चित्रकाराला विचारा, शृंगार साधला का ते गणिकेला विचारा. मी ही यादी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी बसनं न जाता कर्वे रस्त्यानं चालत घरी गेले.

त्यानंतर शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर एका प्रयोगाला मी मुद्दाम भिंतीकडची खुर्ची घेतली आणि निम्मा वेळ प्रेक्षकांकडे बघत बसले. त्यावर लिहिलेला निबंध हे माझं आजवरचं सर्वांत बरं लेखन.

तर मंडळी, मावशीला काय सांगू? मला शिकताना आनंद होतो एवढ्यावर दुसऱ्याच्या मुलाचे पैसे लावायला सांगणं मला बरं वाटत नाही.


करंडकवाला:

चांगला धागा. मी चार वर्षं कॉलेजकडून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा केली. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत घामाघूम होऊन उभा राहिलोय, दोनदा प्राथमिक फेरीतून घरी आलोय. आता नोकरी सांभाळून एका संस्थेत प्रकाशयोजना करतो.

स्पष्ट बोलतो. तीन महिने तालीम करून आपण प्रयोग लावतो आणि त्यावर जे छापून येतं त्यात निम्मं कथानक असतं, उरलेल्यात 'सर्वांची कामे चोख, प्रकाशयोजना पूरक'. पूरक म्हणजे काय? मी एका प्रवेशात पूर्ण वेळ एकच बाजूचा स्पॉट ठेवला होता, नटीचा अर्धा चेहरा काळोखात. ते कुणालाच दिसलं नाही. एखाद्यानं 'हे चुकलं' असं लिहिलं असतं तरी मी त्याला चहा पाजला असता. त्यामुळे तुमच्यासारखी माणसं हवीत.

पण मावसभावाला एक सांगा. समीक्षा शिकायची तर एक वर्ष बॅकस्टेज कर. नेपथ्याचे फ्लॅट उचल, कपडेपट सांभाळ, टेंपोत सामान भर. यवनिका, म्हणजे पडदा, कशी पडते हे दोरी हातात धरल्याशिवाय कळत नाही. आणि खासगी कॉलेजाआधी विद्यापीठातल्या ललित कला केंद्राचा अर्ज भर. १९८७ पासून आहे, सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. तिथे प्रत्यक्ष कामावर भर आहे.


फीचं गणित:

मी एक पालक. माझी मुलगी वेगळ्या विषयात आहे, पण खासगी कॉलेजांचा अनुभव आहे म्हणून लिहितो.

फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या, तोंडी नको. पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार आणि त्याला यूजीसीची मान्यता आहे का. तुकडी मध्येच बंद झाली तर आधी घेतलेल्या मुलांचं शिक्षण पूर्ण करून देणार का. आणि पूर्णवेळ शिक्षक किती, तासावर येणारे किती. आम्हाला माहितीपत्रकात आठ नावं दाखवली होती, प्रत्यक्षात वर्षभर तिघेच दिसले. विचारलं तर म्हणाले, "ते मार्गदर्शक मंडळ आहे."

नोकरीचं म्हणाल तर नेट परीक्षेत नाटक-नृत्याचा विषय आहे, ती दिली तर प्राध्यापकीचं दार उघडतं. पण दार उघडणं आणि आत जागा असणं यात फरक आहे.


वाचनकट्टा:

निळा पडदा, लेखन आवडलं. एक प्रश्न आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुमच्या अभ्यासक्रमात मराठी नाटक कुठून सुरू होतं? ५ नोव्हेंबर १८४३, सांगली, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर'? त्या तारखेला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, ठीक आहे. पण जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' नाटक १८५५ सालचं आहे. कुणबी नवरा-बायको, त्यांना फसवणारा जोशी, पादरी, आणि मध्ये मध्ये येऊन प्रेक्षकांशी बोलणारा विदूषक. शेवटी ती दोघं रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. देवादिकांचे खेळ चालू होते त्या काळात हे लिहिलंय. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं, असं जोतीरावांनी स्वतः 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय.

आता तुमच्या बाईंचा नियम लावून बघा. झालेलं उरत नाही, लिहिलेलं उरतं. पण इथे लिहिलेलं होतं आणि होऊच दिलं नाही. न झालेल्या प्रयोगाचा इतिहास तुम्ही कसा लिहिणार? प्रेक्षकांचे चेहरे कुठून आणणार? हा प्रश्न तुमच्या वर्गात कुणी विचारतं का, यावर मी त्या कॉलेजाची किंमत ठरवेन.


निळा पडदा:

वाचनकट्टा, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

खरं सांगते. 'तृतीय रत्न' अभ्यासक्रमात आहे, पण 'सामाजिक नाटकाची पूर्वपीठिका' या प्रकरणात, एका तासापुरतं. आम्ही संहिता वाचली, विदूषकावर बोललो, आणि पुढच्या तासाला नाटककार देवलांकडे गेलो. नाकारलेल्या नाटकाला त्याचा म्हणून एक इतिहास असतो हे मला सुचलं नव्हतं. बहुधा तो कमिटीच्या बाजूनं लिहावा लागेल: पैसे कुणाचे, ठरवणारे कोण, त्याच सुमारास त्यांनी कशाला बक्षीस दिलं. प्रबंधिकेचा विषय अजून नक्की झालेला नाही. बाईंशी बोलते.


तंजावूरची वाट:

१८४३ चा विषय निघालाच आहे तर तंजावरला विसरू नका. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे भोसले (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली गेली, खेळली गेली. 'लक्ष्मीनारायणकल्याण' त्यांतलंच. त्यांच्या संहिता तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात होत्या म्हणून टिकल्या. म्हणजे भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी. फक्त ती कावेरीकाठी घडली आणि इथल्या रंगभूमीला त्यांचा पत्ता नव्हता. मूळ कशाला म्हणायचं, आधी घडलं त्याला की ज्याच्यातून पुढचं निघालं त्याला, हा वाद वर्गात तासभर चालायला हवा.


ओवी:

आणि बायका कुठे आहेत? हिराबाई पेडणेकरांचं 'जयद्रथ विडंबन' १९०४ सालचं, 'दामिनी' १९१२ मध्ये 'ललितकलादर्श' नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. रंगमंचावर बायकांची कामं पुरुष करत होते त्या काळात एक बाई नाटक लिहीत होती आणि ते व्यावसायिक कंपनी करत होती. माझ्या आईनं मराठी घेऊन एम.ए. केलं, तिला हे नाव साठीनंतर कळलं.

मावसभावाला जरूर पाठवा. पण त्याला सांगा, यादीत कोण नाही ते आधी बघ.


तासिकेवाली:

नाव सांगत नाही, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर नाटकाचा इतिहास शिकवते. सहा वर्षं झाली. सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते मे संपेपर्यंत कळत नाही. हे मावशींना सांगाच, लपवू नका.

आता दुसरी बाजू. माझ्याकडून शिकून गेलेली एक मुलगी संहिता संपादनाचं काम करते, एक जण संग्रहालयात जुन्या वस्तूंची नोंद करतो, एक जण मालिकांसाठी संशोधन करतो (एकोणिसाव्या शतकात घरात कुठला दिवा असेल, हे त्याला माहीत असतं आणि त्याचे त्याला पैसे मिळतात). तिघांनीही पहिली दोन वर्षं हाल काढले. कुणालाही 'समीक्षक' म्हणून पगार नाही. वर्तमानपत्रांत नाटकावरच्या लेखाची जागा किती आक्रसली ते आपण बघतोच.

शिकवताना मला एकच गोष्ट अवघड जाते. मुलं मत घेऊन येतात, निरीक्षण घेऊन येत नाहीत. 'नाटक संथ आहे' असं लिहितात. कुठे संथ आहे? दुसऱ्या अंकात नटानं पाणी प्यायला घेतलेला वेळ लांबला की मुळात संवादच दोनदा तेच सांगतोय? एका मुलाला मी सलग तीन प्रयोगांना पाठवलं. तिसऱ्यानंतर तो म्हणाला, "बाई, संथ नाटक नव्हतं, पहिल्या दिवशी मी जेवून गेलो होतो." तो मुलगा त्या दिवशी शिकला.

निळा पडदा, भिंतीकडची खुर्ची घेणं हे तुम्हाला सुचलं. खूप छान केलंत.


करंडकवाला:

तासिकेवाली ताई, ते 'मत आणि निरीक्षण' मी आमच्या तालमीच्या ग्रुपवर टाकू का?


तासिकेवाली:

टाका की.


रंगपटातला:

मी वयानं इथे सगळ्यांत मोठा असेन, म्हणून 'अहो-जाहो' सोडून लिहितो, राग मानू नका पोरींनो.

१९७२ च्या डिसेंबरात मी एकवीस वर्षांचा होतो. १६ तारखेला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा झालं. पहिल्या प्रयोगाला मी नव्हतो, त्यानंतरच्या एकाला होतो. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यं, मोहन आगाशे नाना फडणवीस. हे सगळं तुम्हाला पुस्तकात मिळेल. पडदा वर जातो तर मागे माणसांचीच रांग, तीच झुलते, तीच गाते, तीच पाठ फिरवून भिंत होते, हेही मिळेल. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, उपरणं घेतलेले. मध्यंतरापर्यंत ते मांडीवर ताल धरत होते. मध्यंतरात उठून गेले आणि परत आले नाहीत. ती खुर्ची रिकामी राहिली आणि मी दुसरा अंक त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून पाहिला. चिडून गेले की बस चुकेल म्हणून गेले, मला आजही माहीत नाही. थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेनं नाटक थांबवलं, मग १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि तिनं ते पुढे नेलं, परदेशातही नेलं. पण पुण्यातल्या त्या पहिल्या दिवसांत ताल धरणारा हात कुठे थांबला, हे या मुलीनं विचारलं म्हणून मला आज आठवलं. पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. मी पुढे बरीच वर्षं व्यावसायिक नाटकांत प्रॉम्प्टर होतो. आमची संहिता म्हणजे वही असायची, आणि त्यात नट कुठे अडकतो त्यावर खुणा करायच्या, हे काम. मला एक सवय लागली. हशा आला की समासात 'ह', टाळी आली की 'टा', आणि प्रेक्षागृह अगदी चिडीचूप झालं की नुसता ठिपका. कारण हशा किती लांबेल हे ठाऊक असलं तर पुढचं वाक्य नटाच्या तोंडात वेळेवर देता येतं. गावाचं आद्याक्षरही घालायचो. सांगलीला 'ह' आहे तिथे पुण्याला काहीच नाही, असं कितीतरी ठिकाणी आहे. बालगंधर्वला दुपारच्या प्रयोगात 'टा' आणि त्याच वाक्याला रात्री ठिपका, असंही आहे.

अशा अकरा वह्या माझ्याकडे माळ्यावर आहेत. दोनांना वाळवी लागली. सूनबाई चांगली आहे, टाकून दे म्हणत नाही, पण घर दोन खोल्यांचं आहे. तुम्ही ते नाट्यशास्त्रातलं सांगितलंत, स्मित आणि अर्धं हसू आणि उठून उभं राहणं. मला संस्कृत येत नाही. मी ते पेन्सिलीनं लिहीत होतो, एवढंच.


निळा पडदा:

काका, मला काय लिहावं कळत नाहीये. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

मी एक वर्ष हेच शोधतेय. लोक कुठे हसले ते. वह्या कृपा करून कुणालाही देऊ नका, रद्दीत तर नकोच. मला बघायला मिळतील का? प्रत्येक पानाचे फोटो मी स्वतः काढीन, वह्या तुमच्याच घरी राहतील. पुढे कुठल्या ग्रंथालयात द्यायच्या असतील तर ते तुमच्या मनाप्रमाणे.


वाचनकट्टा:

फोटो काढताना प्रत्येक पानाशेजारी पट्टी ठेवा आणि वहीचं मुखपृष्ठ, शेवटचं कोरं पान, मध्ये ठेवलेली चिठ्ठी-तिकीट, काहीही सोडू नका. वाळवीच्या वह्या बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा काका, उन्हात मात्र टाकू नका. फोटोंना पैसे लागले तर मी देईन, इथे जाहीर सांगतो.


फीचं गणित:

मी माझं मत बदललं असं नाही. लेखी घ्या म्हटलंय ते घ्याच. पण काकांच्या वह्या वाचायला शिकवणारं कुणी तरी पाहिजे, आणि ते फुकट होत नाही, हेही मला आज पटलं.


निळा पडदा:

मावशीशी बोलले. सगळं सांगितलं: सहा जण, तुकडीचं, तासिकेवाल्या ताईंचा मे महिना, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला चार दिवस तुझ्याकडे पाठवते. तू काय करतेस ते बघू दे, मग तोच सांगेल." तो शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं येतोय. काका, शनिवारी सकाळी आम्ही दोघं आलो तर चालेल का? त्याला अजून काहीच येत नाही, पण अक्षर चांगलं आहे, नोंदी तो लिहील.


रंगपटातला:

या. दहानंतर या, त्याआधी पाण्याची गडबड असते. पानं ठिसूळ झालीत, पेन आणू नका, पेन्सिल आणा. बेल बंद आहे, जिन्याखालून हाक मारा. मी त्याआधी वह्या खाली काढून ठेवतो. पहिली वही मिरजेच्या दौऱ्याची आहे.